चतुर्थीला एकोणीस दिवस : कोल्हापूरच्या कुंभार वसाहतीतल्या कामाच्या नोंदी

बुधवार, १४ ऑगस्ट २०१९

बापट कॅम्पच्या कुंभार वसाहतीत आज पहिल्यांदा चालत आत जाता आलं. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोक्याची ४३. यंदा पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं. हा आकडा आठवडाभर सगळ्यांच्या तोंडी आहे, पण तो नेमका किती ते आत गेल्यावर कळलं. शेडच्या भिंतीवरची गाळाची रेघ माझ्या डोक्यावर वीतभर आहे.

पहिल्याच शेडमध्ये लाकडी मांडणीवर ओळीने पाट मांडलेले आणि प्रत्येक पाटावर करड्या मातीचा एकेक ढीग. शाडूच्या मूर्ती होत्या त्या. न भाजलेली माती पाण्यात विरघळते, म्हणून तर शाडूची मूर्ती विसर्जनाला चांगली म्हणतो आपण. इथे ती विसर्जनाच्या महिनाभर आधी, मांडणीवरच विरघळली. एका ढिगात सोंडेचं वेटोळं तेवढं ओळखू येत होतं.

शेडचे मालक सत्तरीतले आहेत, वसाहतीत सगळे त्यांना मामा म्हणतात. पाणी आलं तेव्हा नागपंचमीच्या नागोबांची विक्री चालू होती, त्या पैशाची पिशवी तेवढी घेऊन ते बाहेर पडले. माझ्या हातात मदतवाटपाची वही होती, त्यात चादरी, तांदूळ, बिस्किटं, सॅनिटरी पॅड अशी यादी. मामांनी यादी ऐकून घेतली आणि विचारलं, "ताई, चतुर्थी कुणी फुडं ढकलतंय का?"

नाही म्हटलं.

"मग किती दिस ऱ्हायलं?"

२ सप्टेंबरला चतुर्थी. १९ दिवस. घरी येऊन वहीचं नवं पान काढलं आणि वर तेवढाच आकडा लिहिला. तांदूळ लागतोच, त्याबद्दल वाद नाही. पण या माणसाचं वर्षाचं उत्पन्न ज्या तीन आठवड्यांत आहे ते निघून गेले, तर पुढचे अकरा महिने आपण त्याला तांदूळच देत बसणार.

गुरुवार, १५ ऑगस्ट

झेंडावंदन आटोपून मोजणीला गेलो. आम्ही चौघं. ज्या ११ शेडमधल्या लोकांनी "या" म्हटलं तिथपासून सुरुवात. कारागीर २७, त्यांतल्या १२ बायका. बायकांची नावं पहिल्या फेरीत कुणी सांगितलीच नाहीत. "घरातली माणसं हातभार लावत्यात" एवढंच. मूर्ती रंगवतं कोण, असं विचारल्यावर मग एकेक नाव आलं.

काय वाचलं आणि काय गेलं याचा हिशोब बाहेरून बघून चुकतो, हे आज शिकले. शाडूची पोती चिखलात लोळत होती, मी ती 'गेली' या रकान्यात लिहिणार होते. मामांनी थांबवलं. आतल्या प्लास्टिकच्या पिशवीचं तोंड घट्ट बांधलेलं असेल तर शाडू शाबूत. ती गुजरातेतून येते आणि महामार्ग आत्ता कुठे सुरू होतोय, त्यामुळे एकेक पोतं मोलाचं. उलट कोपऱ्यात थप्पी लावलेली प्लास्टरची (प्लास्टर ऑफ पॅरिसची) पोती वरून नीटनेटकी दिसत होती. एकाला हात लावला तर दगड. पोत्याच्या सुतळीच्या विणीचा ठसासुद्धा त्यावर जसाच्या तसा उमटला होता. मामांचा मुलगा म्हणाला, "शाडूला पानी लागलं तर भिजतीया, प्लास्टरला लागलं तर धोंडा हुतोय."

रबरी साचे धुतले की वापरता येतील. प्लास्टरचे साचे मात्र आतपर्यंत पाणी प्यालेत. शाडू दाबायला प्लास्टरचा साचा लागतो तो त्याच्या पाणी ओढून घेण्याच्या गुणासाठी. साचा कोरडा असेल तर मातीतलं पाणी ओढतो आणि माती सुटून येते. ओला साचा माती सोडतच नाही. साच्यांपाठी दोन-दोन पिढ्यांचं काम आहे, काही मामांच्या वडिलांनी केलेले. तेव्हा आधी साचे वाळवायचे, मग बाकीचं.

रंग फवारायचे कंप्रेसर ९. सगळे बुडालेले. एका पोराने "चालू करून बघतो" म्हणत प्लग हातात घेतला होता, त्याला ओरडूनच थांबवलं. वाइंडिंगमध्ये ओल असताना मोटर चालू केली की जळते, आणि दुरुस्तीच्या खर्चात नवी येते. राजारामपुरीतला ओळखीचा वाइंडिंगवाला उद्या टेम्पो घेऊन येतोय. धुऊन, वाळवून, तपासून देणार. मजुरी घेणार नाही म्हणाला, पण आपण द्यायची. त्याच्याही दुकानात पाणी शिरलं होतं.

शुक्रवार, १६ ऑगस्ट

आजचा दिवस गाळात गेला. गाळ उचलायला डंपर आला, सोबत जेसीबी. शेडमधल्या फुटक्या, रंग उडालेल्या मूर्ती बाहेर काढून रस्त्याच्या कडेला ठेवल्या होत्या. चालकाने बकेट खाली घेतलं आणि गल्लीतल्या बायका पुढे येऊन उभ्या राहिल्या. कुणी आरडाओरडा केला नाही. नुसत्या उभ्या राहिल्या.

प्राणप्रतिष्ठा झालेली नाही, तेव्हा शास्त्राने त्या अजून मूर्ती नाहीत, असं मी मनात म्हणत होते. बरं झालं बोलले नाही. मामांच्या बायकोने, काकींनी, चालकाला सांगितलं, "दादा, डोळं आखल्यात आमी त्यांचं." एवढं ऐकून त्याने इंजिन बंद केलं आणि खाली उतरून स्वतः मूर्ती उचलू लागला. रंगवलेल्या मूर्ती ट्रॅक्टरमधून वेगळ्या नेल्या. विरघळलेली शाडू घमेल्यांनी हौदात जमा केली. तिच्यात गटाराचं पाणी मिसळलंय, त्यामुळे तिची गणेशमूर्ती करायची नाही यावर वसाहतीत एकमत. आमच्यातल्या एकाने माती वस्त्रगाळ करून वापरण्याचा मुद्दा काढला होता. त्यांना नको तर नको. मूर्ती कशाची करायची हे ठरवणारे आपण कोण!

संध्याकाळी बैठक. मी एकच प्रश्न ठेवला होता: उद्या सकाळी सगळ्यांत आधी काय लागेल? पैसे, असं उत्तर येईल वाटलं होतं. काकी म्हणाल्या, "कोरडी जागा. छत आणि वारं."

रविवार, १८ ऑगस्ट

जागा मिळाली. चातुर्मासात लग्नाचे मुहूर्त नाहीत, त्यामुळे मंगल कार्यालयं मोकळी असतात. मोकळी म्हणजे, कालपर्यंत तिथे पूरग्रस्तांची राहायची सोय होती. काल लोक घरी परतले आणि आज मालकांनी किल्ली दिली. भोजनकक्षात साचे, मुख्य हॉलमध्ये मूर्तिकाम, वधूपक्षाच्या खोलीत रंग. १५ पंखे आहेत.

शाडूचं गणित आज ठरलं, आणि ते मामांनी ठरवलं. या दमट हवेत लहान मूर्ती वाळायला आठ-दहा दिवस. त्यानंतर घासकाम, सफेदा, रंग, आखणी. घाईने वाळवली तर बाहेरचा पापुद्रा आधी आकसतो, आतली माती ओली राहते आणि मानेपाशी किंवा हाताच्या जोडावर तडा जातो. म्हणून २० तारखेनंतर शाडूचा एकही नग साच्यात घालायचा नाही, आणि एक फुटापेक्षा मोठा नग करायचाच नाही. दोन दिवस हातात आहेत. रात्रपाळी चालू.

हातात साचे थोडेच. प्लास्टरचे साचे अजून ओले, सहाच वापरण्याजोगे. मग मामा साच्याशिवाय, नुसत्या हातानेच बसले. पाट मांडीजवळ घेतला, एक गोळा थापून बैठक केली, दुसऱ्याचं पोट, त्यावर डोकं. जोडाच्या जागी खिळ्याने बारीक रेघा ओढल्या, पातळ शाडू बोटाने लावली आणि दाबून जोड मिटवला. सोंड तळहातावर वळून लावली, ओल्या ब्रशने एकच हात फिरवला. वीस मिनिटं लागली असतील. नातू शेजारी बसून बघत होता. त्याने आजोबांना हाताने मूर्ती करताना कधी पाहिलंच नव्हतं, साचे आल्यापासून गरजच पडली नव्हती.

मंगळवार, २० ऑगस्ट

शाडूचं काम रात्री थांबवलं. १४३ नग वाळत आहेत.

याने भागत नाही. गेल्या वर्षी याच ११ शेडमधून हजारांनी मूर्ती गेल्या होत्या. उरलेल्या दिवसांत नवीन मूर्ती होणं शक्य नाही, पण रंगकाम होऊ शकतं. वर्षाच्या कमाईतला मोठा वाटा रंगाच्या हाताचा असतो. म्हणून कच्च्या, म्हणजे बिनरंगाच्या, मूर्ती बाहेरून आणायच्या आणि इथे रंगवायच्या. पेणहून अशा कच्च्या मूर्ती राज्यभर जातात, त्यात नवं काही नाही.

या निर्णयावर आमच्या गटात दोन दिवस खडाजंगी झाली. तयार, रंगवलेल्या मूर्ती फुकट पाठवायला काही देणगीदार तयार होते. शेकड्यांनी. मी नको म्हटलं, आणि माझं मत अजून तेच आहे. फुकटच्या मूर्ती वसाहतीच्या दारात वाटल्या, तर ज्यांच्यासाठी आपण धडपडतोय त्यांचंच गिऱ्हाईक आपण पळवलं. देणगीदारांना विनंती केली की त्याच पैशातून आगाऊ मागणी नोंदवा, पूर्ण रक्कम आत्ता द्या, आणि मूर्ती जशी होईल तशी घ्या. तिघांनी मानलं. एकाने देणगी परत घेतली.

कच्च्या मूर्तींची पहिली खेप आली ती मात्र पेणहून नाही. पाणी न आलेल्या गावांतल्या भावकीने आपल्या शेडमधल्या काढून दिल्या. प्रत्येकाने थोड्याथोड्या. "हिशोब दिवाळीला बघू" म्हणाले. आम्ही फक्त टेम्पोचं भाडं दिलं.

शनिवार, २४ ऑगस्ट

चूक आमची झाली, ती नोंदवते.

ओले साचे लवकर वाळावेत म्हणून आमच्या एका कार्यकर्त्याने काल रात्री हॅलोजनचे मोठे दिवे आणून साच्यांच्या अगदी जवळ लावले. हेतू चांगला होता आणि मीच होकार दिला. सकाळी तीन साच्यांच्या कडा बोट लावताच पिठासारख्या सुटल्या. प्लास्टर घट्ट होतं तेच मुळी त्यात पाणी बांधलं गेल्यामुळे. जास्त उष्णता दिली की ओलीबरोबर ते बांधलेलं पाणीही निघून जातं, आणि मग साच्यात जीव राहत नाही. साचे पंख्याच्या वाऱ्यावर, उभे करून, दोन्ही बाजूंनी हवा लागेल असेच वाळवायचे. हे वसाहतीतल्या कुणालाही विचारलं असतं तरी कळलं असतं. आम्ही विचारलं नाही.

त्या तीन साच्यांतला एक मामांच्या वडिलांचा होता. मामा काही बोलले नाहीत. फुटलेली कड कागदात बांधून ठेवली. मी दिवसभर त्यांच्या समोर जाऊ शकले नाही, संध्याकाळी गेले आणि माफी मागितली. "बसा," म्हणाले, आणि घासकामाचा कागद हातात दिला.

मंगळवार, २७ ऑगस्ट

कंप्रेसर ९ पैकी ७ चालू. दोन भंगारात.

वधूपक्षाच्या खोलीत १२ बायका सकाळी नऊपासून. सफेदा, अंगाचा रंग, पितांबर, शेला, दागिने, असा मूर्तीचा प्रवास एका हातातून दुसऱ्या हातात. डबे वाचले पण लेबलं धुऊन गेलीत, त्यामुळे झाकणावर बोटाने रंग लावून खूण केलीय. डोळ्यांची आखणी काकींकडे. त्या आखणीला बसल्या की खोलीतलं बोलणं आपोआप थांबतं. बारीक ब्रश, श्वास रोखून पापणीची रेघ एका झटक्यात, मग बुबुळ, शेवटी पांढऱ्याचा ठिपका. दुपारी त्यांचा हात थरथरला, दोन मूर्तींची रेघ सरकली. ब्रश खाली ठेवला आणि म्हणाल्या, "घरात अजून चिखल हाय, डोस्क्यात त्योच." तासभर पडून राहिल्या. उठल्यावर पुन्हा बसल्या.

मजुरी रोजच्या रोज, ज्या हाताने काम केलं त्याच हातात. बायकांची मजुरी घरच्या पुरुषाकडे द्यायची नाही, यावर मी अडून बसले होते. पहिल्या दिवशी कुरबूर झाली, आता होत नाही.

एका तालमीची, म्हणजे गणेश मंडळाची, पोरं आली होती. त्यांची मोठी मूर्ती पाण्यात गेली. विसार (आगाऊ दिलेले पैसे) परत मागायला आलीत असं वाटून मामा उठून उभे राहिले. त्यांच्यातला एक म्हणाला, "मामा, यंदा दीड फुटी द्या. पैसं तेवढंच घ्या." यंदा बऱ्याच मंडळांनी साधेपणाने उत्सव करून पूरग्रस्तांना मदत द्यायचं ठरवलंय, हे वाचलं होतं. इथे ते डोळ्यांनी पाहिलं.

शनिवार, ३१ ऑगस्ट

कागदपत्रांचा दिवस. पूरग्रस्त कुटुंबांना शहरात १५ हजार, ग्रामीण भागात १० हजार ही तातडीची मदत बहुतेकांना मिळायला लागली. छोट्या व्यावसायिकांसाठी नुकसानीच्या ७५ टक्के, कमाल ५० हजार असा निर्णय आहे. शिवाय आपत्ती निवारणाच्या केंद्रीय निकषांत हस्तकला कारागिरासाठी वेगळी तरतूद आहे: अवजारांसाठी ४,१०० रुपये आणि कच्चा माल किंवा तयार मालासाठी ४,१००. रक्कम लहान आहे, पण कारागीर म्हणून मिळते आणि तिच्यासाठी नोंद लागते. २७ जणांत हस्तकलेचं 'पहचान' ओळखपत्र दोघांकडे. बायकांपैकी एकीकडेही नाही. पंचनाम्यात काहींच्या शेडची नोंद 'घर' अशी झालीय, म्हणजे साचे, कंप्रेसर, माल कशातच नाही. ज्या कार्यालयात दुरुस्तीसाठी गेलो तिथून तीनदा परत पाठवलं.

सगळ्या शेडचे १४-१५ तारखेचे फोटो आमच्याकडे आहेत, तारखेसकट. तेवढं एक काम पहिल्या दिवसापासून नीट झालं. पंचनाम्याआधी साफसफाई केली की पुरावाही वाहून जातो, आणि साफसफाई थांबवली तर हंगाम जातो. फोटो काढून मगच फावडं हातात घ्यायचं.

सोमवार, २ सप्टेंबर

पहाटे साडेचारपासून गिऱ्हाईक. शाडूच्या १४३ पैकी ९ तडकल्या, बाकी सगळ्या गेल्या. रंगवलेल्या कच्च्या मूर्तींपैकी ३१ उरल्या.

मामांनी हाताने केलेली एक मूर्ती आमच्या घरी आली. पैसे घेतले त्यांनी, मी आग्रह केला म्हणून.

शनिवार, १४ सप्टेंबर

परवा अनंत चतुर्दशी झाली. आज हिशोब. भावकीचे पैसे दिले, दिवाळीची वाट बघितली नाही. ११ शेडपैकी ८ जणांचा या हंगामाचा खर्च निघून थोडं हातात राहिलं. तिघांचं कर्ज वाढलंय, त्यांत एक शेड नवरा गेलेल्या बाईची आहे. या तिघांकडे आम्ही कमी लक्ष दिलं. बैठकीत जे बोलत होते त्यांच्याकडे जास्त पैसा गेला, हे कागदावर स्वच्छ दिसतं.

वसाहत दुसरीकडे हलवावी अशी चर्चा कानावर येते. हलवायला हरकत नाही, पण मला किल्लारी आठवते. ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप, गणपती विसर्जनानंतरची पहाट. पुनर्वसनात घराचं क्षेत्रफळ जमीनधारणेवरून ठरलं, भूमिहीनाला २५० चौरस फूट. कुंभाराकडे जमीन असतेच असं नाही. चाक कुठे ठेवायचं, माती कुठे भिजवायची, आवा (भाजायची भट्टी) कुठे लावायचा, हे त्या मापात कुठे बसणार? कारागिराचं घर मोजताना त्याचं कामही मोजलं पाहिजे, हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवतेय.

गुरुवार, १० ऑक्टोबर

आचारसंहिता लागल्यापासून नोंद-दुरुस्तीचे अर्ज पुढे सरकलेले नाहीत, माणसं निवडणुकीच्या कामाला आहेत. ओळखपत्रांसाठी २१ अर्ज भरून तयार, त्यांत १२ बायकांचे.

पणत्यांचं काम चालू झालं, २७ ला लक्ष्मीपूजन. मागे राहिलेल्या तीन शेडना पहिलं भांडवल दिलं. आवा अजून ओला आहे, जमिनीतून ओल येते. पहिल्या भाजणीत निम्म्या पणत्या फुटल्या. आता आधी दोन दिवस नुसता मंद जाळ देऊन जमीन तापवतात, मग लावतात.

काकींबरोबर बसून एक तक्ता केला. नदी ३५ फुटांवर गेली की प्लास्टरची पोती वर. ३९ ला साचे आणि मोटरी. ४३ ची वाट बघायची नाही, तोवर मूर्ती हललेल्या पाहिजेत. प्रत्येक शेडचा माळा कुणाचा, टेम्पो कुणाचा, हेही त्यात आहे. प्लास्टिकच्या पिशवीत घालून तो दाराच्या आतल्या बाजूला, पुराच्या रेघेच्या वर ठोकला.

सोमवार, २६ जुलै २०२१

ही वही बंद केली होती. पुन्हा उघडावी लागली.

पाणी या वेळी ५६ फुटांच्या वर गेलं, २०१९ पेक्षा जास्त, आणि चढलं फार झपाट्याने. तीन दिवस फोन लागत नव्हता. चतुर्थी १० सप्टेंबरला, म्हणजे हातात ४६ दिवस आहेत. कोरोनामुळे मूर्तीच्या उंचीवर मर्यादा आहे, मंडळाची ४ फूट आणि घरगुती २ फूट. त्यामुळे बहुतेक नग लहान होते आणि उचलता आले. सगळे नाही. खालच्या दोन शेडमध्ये टेम्पो पोहोचलाच नाही, तिथलं सगळं गेलं. त्या दोघांपासून सुरुवात करायची.

आज दुपारी काकींचा फोन आला. आवाज दमलेला. मामा बरे आहेत, सगळे माळ्यावर होते. साचे वर आहेत, ती कागदात बांधलेली कडसुद्धा. मोटरी वर आहेत.

"आणि शाडू?" मी विचारलं.

"शाडू खालीच ऱ्हायली, ताई. तोंडं बांधलेली हायत. पानी वसरलं की बगू."

उद्या सकाळी सात वाजता निघायचं. कॅमेरा, फावडी, मंगल कार्यालयाच्या मालकांना फोन.